हाकेची वाट पाहणारा ठोकळा

मित्रांनो, तुम्ही मला नक्कीच पाहिलं असेल, फक्त माझ्याकडे लक्ष दिलं नसेल. रस्त्याच्या चढावर एखादा ट्रक उभा असतो आणि त्याच्या मागच्या चाकाला टेकून एक तेलकट, काळं, तिरपं लाकूड पडलेलं असतं. ते पाहून तुम्हाला वाटतं, कुणाचं तरी काहीतरी पडलंय. पण ते पडलेलं नसतं, मुद्दाम लावलेलं असतं. तो मी. पाण्याच्या टँकरच्या चाकामागे लावायचा एक जुना लाकडी ठोकळा.

मला नाव नाही. साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत एक सुतार होता. त्यानं बाभळीच्या ओंडक्यातून मला कापलं, एक बाजू उतरती केली, पाठीत गिरमिटानं भोक पाडलं आणि त्यात सुताची जाड दोरी ओवली. मला न्यायला आलेल्या तरुण क्लीनरला तो म्हणाला, "दोरी कशाला ते विसरू नकोस. काढताना हिला धरून ओढायचं. चाकाखाली हात घालायचा नाही. ठोकळा दुसरा मिळतो."

त्या क्लीनरचं नाव धाकू. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता.

माझं काम सोपं आहे. चढावर गाडी थांबली आणि तिला मागे यायची लहर आली, की मी मध्ये असायचं. मला डोकं लागत नाही, ताकदही लागत नाही. फक्त वेळेवर तिथं असावं लागतं. तीस वर्षांत मी चार टँकर भंगारात जाताना पाहिले. कामाशिवाय मला बसायला घेतलं, झोपताना उशाला घेतलं, माझ्यावर नारळ फोडले, आणि रविवारी टँकरच्या आवारात क्रिकेट रंगलं की मी स्टंपसुद्धा झालो. कुणी 'शाबास ठोकळ्या' म्हटलं नाही. तरी मी सुखी होतो. पण माझी एक अडचण होती. मी स्वतःहून चाकाखाली जाऊ शकत नाही. कुणीतरी हाक मारावी लागते आणि कुणीतरी मला ठेवावं लागतं.

या हाकेवरूनच माझ्या आयुष्यातलं सगळं वाईट घडलं.

धाकूला गाडी शिकवणारा उस्ताद मोठा कठोर माणूस होता. टँकरवाल्यांमध्ये शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. या उस्तादाचा एक नियम होता. शिकणाऱ्यानं गाडी चढावर थांबवायची आणि ती मागे न येऊ देता पुन्हा उचलायची. क्लीनर मला घेऊन मागे उभा राहील, पण हाक आल्याशिवाय ठोकळा लावणार नाही. आणि ज्यानं ठोकळा मागितला, तो नापास. नुसता नापास करून उस्तादाचं भागत नसे. माझी दोरी त्या शिकणाऱ्याच्या गळ्यात अडकवून तो त्याला दिवसभर आवारात फिरवायचा. चहावाला आला तरी हसायचा, पंक्चरवाला आला तरी हसायचा. मी चांगला पाच किलोंचा. संध्याकाळपर्यंत मानेला वळ उठायचे. ज्याच्या गाडीचं वजन पेलायला मला केलं होतं, त्याच्याच गळ्यात माझं वजन! मला फार लाज वाटायची, पण लाकडाची लाज कुणाला दिसते?

धाकूनं हे आपल्या सोबत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यानं तेव्हाच मनाशी ठरवलं, मेलो तरी ठोकळा मागणार नाही. तो कधीच नापास झाला नाही. ड्रायव्हर झाला, आणि आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला त्यानं कोकणातल्या गावाहून आणून क्लीनर म्हणून गाडीवर घेतलं. कागदावर त्याचं नाव काहीही असो, आवारात सगळे त्याला 'भाऊ' म्हणत. एकोणीस वर्षांचा, काटक, गाणी गुणगुणणारा पोरगा. मला तो पाण्यानं धुवायचा. मला धुणारा तो एकटाच.

आता सांगतो ते ऐकायला कठीण आहे, पण तुम्ही मोठे होत आहात, म्हणून सांगतो. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत पाणी द्यायला आमचा टँकर चढत होता. अर्ध्या चढावर पुढे हातगाडी आडवी आली आणि गाडी थांबली. भाऊ मला दोन्ही हातांत घेऊन चाकामागे उभा राहिला. समोरच्या टपरीवर धाकूचा म्हातारा उस्ताद चहा पीत बसला होता आणि गंमत पाहत होता. गाडी हातभर मागे आली.

भाऊनं विचारलं, "दादा, लावू?"

"थांब!" धाकू ओरडला.

गाडी आणखी मागे आली. "दादा, लावू काय?"

धाकूनं आरशात भावाकडे पाहिलं. मग टपरीकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून शब्द आला नाही. आणि भाऊ नियमानं वागणारा होता. हाक आली नव्हती, म्हणून त्यानं मला लावलं नाही.

गाडी आली. मी भाऊच्या हातातून निसटून चाकाखाली गेलो आणि गाडी थांबली. मी अडवलं, मित्रांनो. पण एका पायाइतका उशीर झाला होता.

भाऊचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. धाकूनं सगळ्यांना सांगितलं, ब्रेक फेल झाले. भाऊनं मान डोलावली. पुढे धाकूनंच मालकाला सांगून भावाला आवारात टँकर भरायच्या पाइपवर लावलं, त्याला आपल्याच खोलीत ठेवलं, जेवूखाऊ घातलं. त्या दिवसाबद्दल दोघं एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, निदान आता धाकू तो नियम मोडेल. माझा अंदाज चुकला. धाकू स्वतः उस्ताद झाला आणि त्यानं नियम आणखी कडक केला. असं का, याचा मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, नियम मोडला असता तर तो चुकीचा होता असं कबूल करावं लागलं असतं. मग भाऊचा पाय फुकट गेला, हेही कबूल करावं लागलं असतं.

वर्षं गेली. धाकूच्या हाताखालून पुष्कळ शिकाऊ ड्रायव्हर गेले. गेल्या वर्षी देवव्रत आला.

देवव्रत एक्केचाळीस वर्षांचा, चष्मा लावणारा, मऊ बोलणारा गृहस्थ. मुलुंडला राहायचा. अंधेरीच्या एका कंपनीत माल पाठवण्याच्या खात्यात तो सतरा वर्षं टेबलावर बसला होता. कंपनीनं ते खातंच बंद केलं. मग तो आठ महिने कंपन्यांमध्ये अर्ज देत फिरला. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, तुमचं वय जास्त आहे. शेवटी त्यानं अवजड गाडीचं लायसन्स काढलं. त्याची मुलगी गंधाली नववीत होती. तिला त्यानं लपवाछपवी न करता सांगितलं होतं, बाबा आता टँकर चालवायला शिकतोय. ती म्हणाली होती, "मग पहिल्या दिवशी मला वर बसवायचं." त्यानं कबूल केलं होतं.

आवाराचा मालक चंद्रप्रकाश शेठ पहिल्याच दिवशी म्हणाला, "एक महिना धाकूच्या हाताखाली. त्यानं हो म्हटलं तर गाडी तुझी. नाही म्हटलं तर राम राम. मी मध्ये पडत नाही."

म्हणजे देवव्रतचं सगळं काही धाकूच्या एका 'हो'वर टांगलेलं होतं. आणि धाकूला हे पक्कं ठाऊक होतं.

"काय साहेब," त्यानं देवव्रतला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "शर्टाला इस्त्री? गाडीचो वाढदिवस हा काय आज?"

सगळे ड्रायव्हर हसले. देवव्रतही थोडा हसला. तिथंच त्याचं चुकलं. धाकूला कुणी आपल्या विनोदात सामील झालेलं खपत नसे.

"हसतंस काय मेल्या? तुझ्यासारख्या साहेबांनी आमका गेटवर तीन-तीन तास उन्हात उभे करून ठेवल्यानी. कागद नाय, शिक्का नाय, साहेब जेवाक गेलो. आता तू उभो ऱ्हव." आणि पहिला अख्खा दिवस त्यानं देवव्रतला आवाराच्या फाटकापाशी उन्हात उभं केलं. गाडीला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी चढाचा सराव होता. आवारामागे एक कच्चा चढ आहे, तिथं. क्लच अर्धा सोडायचा, इंजिनानं ओढ घेतली की ब्रेकवरचा पाय उचलायचा, ही ती कला. सायकल शिकताना जसा तोल एकदम सापडतो, तशी ती एकदम सापडते. पण सापडेपर्यंत गाडी मागे येतेच. सगळ्यांचीच येते. म्हणून तर मी असतो.

धाकूनं मला उचलून बाजूला फेकलं. सीटमागून देवव्रतचा जेवणाचा डबा काढला आणि मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर ठेवला.

"मागे आलास तर जेवाण गेला," तो म्हणाला.

"उस्ताद, मला पहिल्यांदा दाखवा तरी, कसं—"

"सतरा वर्षं कागदावर गाडये पाठवलंस ना? मग येता तुका."

डबा स्टीलचा होता, तीन पुडांचा. चाकाखाली गेला तेव्हा मला आवाज आला. मेथीची भाजी आणि पोळ्या मातीत पसरल्या. धाकूनं देवव्रतला खाली उतरवलं आणि चाकाला चिकटलेलं सगळं नखांनी खरवडून काढायला लावलं. "अन्न हा ता. टाकूचा नाय," असंही वर म्हणाला. देवव्रतनं ते काढलं. घरी त्यानं काय सांगितलं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा न घेता आला. खिशात दोन केळी होती.

"आज साहेबांनी चाकासाठी फळफळावळ आणलीय!" एक ड्रायव्हर ओरडला. त्या दिवशी चाकामागे देवव्रतचे बूट गेले.

असे दिवस जाऊ लागले. धाकू डॅशबोर्डवर चहाचा भरलेला ग्लास ठेवायचा. थेंब सांडला की ग्लास देवव्रतच्या मांडीवर रिकामा. गिअर चुकला की बोटांवर पान्ह्याचा टोला. एकदा त्यानं चष्माच काढून घेतला आणि म्हणाला, "आता चालव. गाडी कानान चालवतत." शिकवणं मात्र नाही. चूक झाली की शिक्षा, पण बरोबर काय ते कधीच सांगायचं नाही. मित्रांनो, कडक शिक्षक आणि दुष्ट शिक्षक यांतला फरक मला इथं समजला. कडक शिक्षकाला तुम्हाला यावं असं वाटतं. दुष्ट शिक्षकाला तुम्हाला येऊ लागलं की वाईट वाटतं.

मग देवव्रत शिकला कसा? दुपारी टँकर भरायला अर्धा तास लागे. धाकू तेवढ्यात जेवून यायचा. देवव्रत पाइपापाशी जाऊन उभा राहायचा. तिथं भाऊ कुबडी टेकून बसलेला असायचा. पहिले चार दिवस कुणीच बोललं नाही. पाचव्या दिवशी भाऊनं आपल्या भाकरीतली अर्धी मोडून पुढे केली.

"केळ्यांनी पोट भरता काय तुमचा?"

तिथून त्यांची शाळा सुरू झाली. भाऊ पाइपाकडे पाहत पाहत, ओठ फार न हलवता बोलायचा.

"भरलेली टाकी गप बसता. रिकामी पण गप बसता. अर्धी टाकी नाचता. तुम्ही थांबलात तरी पाणी थांबत नाय, ता मागे धावता आणि गाडीक ओढता. तेव्हा अर्ध्या टाकीन चढावर थांबूचाच नाय."

"आणि थांबावंच लागलं तर?"

"तर हवा बघा." त्यानं मातीत बोटानं गोल काढला आणि त्यात काटा दाखवला. टँकरचे ब्रेक हवेवर चालतात, मुलांनो. मोटारीत घाबरलेला माणूस ब्रेक पुन्हा पुन्हा दाबतो. टँकरमध्ये तसं केलं की प्रत्येक वेळी थोडी हवा निघून जाते. काटा पाचाच्या खाली गेला की बझर वाजतो. मग पाय ब्रेकवर असतो, पण ब्रेक पायाखाली नसतो. "बझर वाजलो की एकच काम उरता," भाऊ म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्येका हाक मारूची."

"पण उस्तादांचा नियम..."

भाऊनं पाइपाची चावी फिरवली. "टाकी भरली," तो म्हणाला. "गाडी काढा."

तिसऱ्या आठवड्यात देवव्रतला चढ जमला. चाकामागे बूट होते, गाडी थांबली, इंजिनानं ओढ घेतली आणि बोटभरसुद्धा मागे न येता वर निघाली. मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर वाजवल्या असत्या! धाकूनं खाली वाकून बूट उचलले, उलटसुलट पाहिले आणि कुंपणापलीकडे नाल्यात भिरकावले. देवव्रत त्या दिवशी अनवाणी बसनं घरी गेला.

मग अठ्ठाविसावा दिवस आला. महिना संपायला दोन दिवस उरले होते आणि 'नाही' म्हणायला धाकूपाशी काही कारण उरलं नव्हतं. ते त्यानं तयार करायचं ठरवलं.

दिंडोशीला डोंगराच्या उतारावर काही उंच इमारती आहेत. तिथल्या एका सोसायटीच्या फाटकाचा चढ इतका उभा, की चांगले ड्रायव्हरही आधी खाली थांबून गार्डला फोन करतात, फाटक उघडून घेतात आणि मग एका दमात वर जातात. धाकूनं आधी खालच्या सोसायटीत बरोबर अर्धी टाकी ओतायला लावली. देवव्रतच्या लक्षात आलं. "उस्ताद, अर्धी टाकी घेऊन वर—"

"शाणपणा कोणी शिकवल्यान तुका? चल."

"गार्डला फोन करू का?"

"मी केलंय."

त्यानं केला नव्हता. मी सीटमागे खुंटीला होतो, मला माहीत आहे. चढ सुरू व्हायच्या आधी धाकू मला घेऊन खाली उतरला आणि गाडीच्या मागून चालू लागला.

फाटक बंद होतं. देवव्रतला अर्ध्या चढावर थांबावं लागलं. थांबल्याबरोबर टाकीतलं पाणी मागे आदळलं. गाडी हातभर सरकली. त्यानं क्लच सोडला, इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं. फाटक उघडलं, पण आतून एक मोटार बाहेर येत होती. पुन्हा ब्रेक, पुन्हा ब्रेक. आमची गाडी जुनी, हँडब्रेक नावापुरता. हवेचा काटा उतरू लागला. आणि मागे एक रिक्षा येऊन थांबली होती. तिच्यात एक वयस्कर बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीच्या पिशव्या. रिक्षाच्या मागे मोटार, मोटारीच्या मागे दुसरी मोटार. कुणालाच मागे जाता येईना.

बझर वाजला.

देवव्रतनं आरशात पाहिलं. मला त्याचा चेहरा दिसला. चोवीस वर्षांपूर्वी मी तसाच एक चेहरा अशाच आरशात पाहिला होता. माझ्यातल्या जुन्या बाभळीला घाम फुटायचा बाकी राहिला. माग, मी म्हणत होतो. बाबा रे, माग.

"उस्ताद, ठोकळा!"

त्यानं हाक मारली. क्षणाचाही उशीर न करता, खणखणीत. सगळं गेलं हे माहीत असून मारली.

आणि धाकूनं मला लावलं नाही. माझी दोरी बोटाला गुंडाळून तो मला झुलवत उभा राहिला.

"ऐकाक नाय येणा."

"ठोकळा लावा! हवा उतरलीय!"

"आदी म्हण, माझ्याच्यान होणा नाय."

रिक्षातल्या बाई बाहेर डोकावल्या. गार्ड धावत आला. गाडी वीतभर मागे आली.

"माझ्याच्यानं होत नाही!" देवव्रत पूर्ण आवाजात ओरडला. "ऐकलंत? होत नाही माझ्याच्यानं! लावा ठोकळा!"

तेव्हा धाकूनं मला खाली टाकलं आणि पायानं चाकाकडे ढकललं. अख्ख्या टँकरचं वजन माझ्या अंगावर आलं. इतकं ओझं मला कधीच हलकं वाटलं नव्हतं.

"अहो, गाडी माझ्या अंगावर येत होती," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही काय खेळ मांडलाय हा?"

"पास-नापासचो खेळ, बाय," धाकू हसला. "झालो नापास."

संध्याकाळी पाच वाजता आवारात सगळे ड्रायव्हर चहा पीत होते. शेठ खुर्ची टाकून बसला होता. धाकूनं देवव्रतला मधोमध उभं केलं आणि माझी दोरी त्याच्या गळ्यात घातली. मी त्याच्या छातीवर आदळलो.

"नाय जमूचा, शेठ. ठोकळा मागल्यान साहेबान. त्या बायेसमोर रडलो."

"झालं तर मग," शेठ कपाकडे पाहत म्हणाला. "उद्यापासून येऊ नको."

कुणीतरी मोबाइल काढून फोटो घेतला. देवव्रत मान ताठ ठेवून उभा होता. माझ्या वजनानं त्याची कॉलर खाली ओढली जात होती.

"मी मागितला, शेठ," तो म्हणाला. "काटा पाचाच्या खाली होता आणि मागे रिक्षात माणसं होती. परत तशी वेळ आली तर परत मागेन. तुम्ही नापास केलंत, ठीक आहे. फक्त एक विचारतो. उस्ताद, तुम्ही गाडी चालवायला लागल्यापासून एकदाही मागितला नाहीत?"

धाकूनं छाती फुगवली. "एकदापण नाय. विचार कोणाक पण."

पाइपाचं पाणी बंद झालं. कुबडीची टकटक जवळ आली आणि भाऊ घोळक्यात येऊन उभा राहिला.

"खरा बोलता तो," भाऊ म्हणाला. "कधीच मागल्यान नाय. माका म्हायती हा. मी ह्योच ठोकळो हातात धरून उभो होतंय. दोनदा इचारलंय, दादा लावू? दोनदा."

"भाऊ, गप ऱ्हव," धाकू म्हणाला.

"चोवीस वर्सां गप होतंय."

"ब्रेक फेल झाले होते!" धाकू सगळ्यांकडे वळून ओरडला. "सगळ्यांका म्हायती हा!"

"ब्रेक मागसून गेले, दादा. पयली तुझी वाचा गेली."

ज्यानं फोटो काढला होता त्यानं मोबाइल खिशात घातला. भाऊ पुढे झाला, एका हातानं कुबडी सांभाळत दुसऱ्या हातानं त्यानं माझी दोरी देवव्रतच्या गळ्यातून काढली. हे त्याला सोपं गेलं नाही, पण देवव्रतनं मान खाली केली आणि ते जमलं.

"शेठ, ह्यांका गाडी देवा. मी बसतंय ह्यांच्या गाडयेर."

शेठनं प्रथमच कप खाली ठेवला. "तू? क्लीनर म्हणून? अरे, एका पायानं काय करणार?"

"ठोकळो हातान लावतत, शेठ," भाऊ म्हणाला. "पायान नाय."

शेठ काही फार चांगला माणूस होता असं समजू नका. त्याला फक्त इतकं कळलं, की ज्याच्या गाडीमुळे पाय गेला त्याच्या शब्दापेक्षा ज्याचा पाय गेला त्याच्या शब्दाला जास्त वजन आहे. तो म्हणाला, "आठ दिवस बघू." आणि आवारातला सगळ्यांत जुना टँकर त्यानं देवव्रतला दिला. भाऊबरोबर मीही त्यावर गेलो. ते आठ दिवस अजून चालू आहेत. गंधाली एका सकाळी टँकरवर बसून साकीनाक्यापासून मरोळपर्यंत आली. वाटेत तिनं हॉर्न इतका वाजवला की भाऊनं कानांत बोटं घातली.

धाकू बदलला का? नाही, मित्रांनो. तुम्हाला खोटं सांगणार नाही. तो त्याच आवारात आहे, नव्या शिकणाऱ्यांना तसाच छळतो. त्याच्या गाडीला रबराचा नवा ठोकळा मिळाला आहे. दोघं भाऊ अजून एकाच खोलीत राहतात, पण भाऊ आता आपली भाकरी वेगळी भाजतो. कधीकधी धाकू रिकाम्या चढाकडे बराच वेळ पाहत बसतो. त्याची मला दया येते. ज्याला वेळेवर मागता आलं नाही, त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांनाही मागू दिलं नाही. त्यात तो स्वतःच जास्त झिजला आहे.

मीही आता झिजलो आहे. माझी एक कड बोथट झाली, एक चीर वरपासून खाली गेली आहे. लवकरच माझ्या जागी दुसरा येईल. त्याआधी तुमच्यापाशी एक मागणं आहे.

तुमच्या वर्गात कुणी फळ्यापाशी अडेल, कुणी दोरीवरून उडी मारताना घाबरेल, कुणी घरी येऊन हळूच म्हणेल, मला हे जमत नाही. ते वाक्य उच्चारायला त्याला किती बळ लागलं, ते तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेऊ नका. आणि तुम्ही स्वतः चढावर असाल, मागे कुणी उभं असेल, तर बघणाऱ्यांकडे बघू नका. हाक मारा. जे हसतील ते घरी जाऊन जेवतील आणि विसरतील. मागे उभा असलेला माणूस मात्र दोन्ही पायांवर चालत घरी जाईल.